सहीआधीची पंगत

"दादा, पेन हाय का तुझ्याजवळ?" रेणुकानं विचारलं, आणि सूर्यभानचा हात छातीच्या खिशाकडं गेला तो तिथंच थबकला. पेन होतं. एकतीस वर्षं कॉलेजात कारकुनी करून हेडक्लार्क झालेल्या माणसाच्या खिशात पेन नसेल तर मग असायचं तरी कोणाच्या. पण पेनाला खेटून तीन घड्यांचा एक कागद होता, आणि पेन उपसलं की कागदाचं टोक वर आल्याशिवाय राहणार नव्हतं. सकाळपासून त्यानं तो कागद किती जागी हलवला होता. पँटच्या खिशात चुरगळतो, बायकोच्या पर्समध्ये दिला तर मागताना चारचौघांना दिसतो, म्हणून शेवटी छातीशी ठेवला. आणि आता ज्या बहिणीची सही त्या कागदावर घ्यायची, तिनंच आपण होऊन पेन मागितलं होतं. हिला सगळं ठाऊक आहे, असं त्याच्या मनात आलं. "नसलं तर राहू दे," रेणुका म्हणाली, "या कार्डावर नाव लिहा म्हणायलाय तो." काउंटरवर फेटा बांधलेला एक माणूस पिवळी कार्डं घेऊन उभा होता. सूर्यभाननं दोन बोटांनी कागद खाली दाबून धरला आणि पेन काढून दिलं. तिनं टोपण उघडलं, कार्ड तळहातावर घेतलं आणि सावकाश, शाळेत लिहायची तसं, सासरचं पूर्ण नाव लिहिलं. पेन परत देताना म्हणाली, "चांगलं चालतंय रे हे." जानेवारीतली संध्याकाळ होती, अंगात स्वेटर घालण्यासारखी हवा होती, आणि त्याच्या कानामागून घामाचा थेंब कॉलरमध्ये उतरला.

कार्डावर चार चौकोन होते. देवगाव फाट्यापासून आत अडीच किलोमीटरवर कोणा हौशी माणसानं पंधरा एकर रानात हा रिसॉर्ट उठवला होता. शिवारबाग त्याचं नाव, आणि त्याची मोठी गंमत म्हणजे हॉटेलं चार आणि जेवण एक. पहिल्या ठिकाणी हुरडा, दुसऱ्या ठिकाणी चुलीवरची भाकरी, तिसऱ्या ठिकाणी हैदराबादी भात आणि चौथ्या ठिकाणी गोड. प्रत्येक ठिकाणी पाऊण तास. पाऊण तास झाला की ट्रॅक्टरचा भोंगा वाजायचा. मग ताटात काय आहे न काय नाही ते तसंच सोडून उठायचं, कार्डावर शिक्का मारून घ्यायचा, ट्रॉलीत बसायचं आणि पुढच्या हॉटेलात जाऊन पुन्हा पहिल्यापासून जेवायला बसायचं. हे सगळं हरिओमनं पुण्यात बसून मोबाइलवर शोधून काढलं होतं. हरिओम धाकटा भाऊ, इंजिनीअर. सव्वीस जानेवारीला जोडून त्यानं तीन दिवसांची सुट्टी काढली होती, बायको मुलांना घेऊन माहेरी गेलेली, म्हणून स्वतः इकडं आला आणि थोरल्या भावाला, वहिनीला परभणीहून घेऊन आला. खोल्या दोन घेतल्या होत्या, एक त्याची आणि एक सूर्यभान-राजेश्रीची. रेणुकासाठी घेतली नव्हती. ती काय, जेवून जाईल. पाथरीहून तिला गाडीत घ्यायचं तर वाट वाकडी करावी लागली असती. तिनंच फोनवर सांगितलं, मी येते एसटीनं, तुम्ही फाट्यावर उभे राहा.

सहीच्या आधी बहिणीला खूश करायची ही रीत काही हरिओमनं काढलेली नव्हती. बापाच्या काळात लुगड्या-चोळीवर भागायचं. मग लुगड्याची पैठणी झाली. मग त्यांच्याच गावच्या, पिंगळीच्या मुंजाजीनं आपल्या दोघी बहिणींना विमानानं बालाजीला नेलं आणि परत आल्यावर, लाडवाचा प्रसाद हातात असतानाच, दोघींच्या सह्या घेतल्या. कायद्यानं लेकींना भावाइतका वाटा दिला आणि भावांनी बहिणींना फिरायला न्यायला सुरुवात केली, असं कॉलेजातले प्राध्यापक चहा पिताना सांगायचे आणि सूर्यभानही त्यांच्याबरोबर हसायचा. तेव्हा बाप जिवंत होता, त्यामुळं हसण्यात आपलं काही जात नव्हतं. दोन वर्षांपूर्वी बाप गेला. पिंगळीला स्टेशनच्या मागं सहा एकर रान, त्याच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून तीन नावं चढली आणि तिसरं नाव रेणुकाचं. प्लॉट पाडणाऱ्या एका माणसाला ते रान हवं होतं, पण बहिणीचं नाव आधी काढून आणा, मग बसू, असं त्यानं तोंडावर सांगितलं. सूर्यभानला दोन वर्षांत रिटायर व्हायचं होतं आणि अजून तो भाड्याच्या तीन खोल्यांत राहत होता. म्हणून त्यानं हक्कसोडीचा मसुदा स्वतःच टाइप केला. नोंदणी सोमवारी परभणीत. आज नुसती या कागदावर सही घ्यायची, म्हणजे शब्द घेतल्यासारखा होतो, मग माणूस मागं फिरत नाही. हरिओमचं म्हणणं, शेवटी गोडाच्या वेळी कागद काढ. राजेश्रीचं म्हणणं, हुरड्यालाच काढा, पहिल्या घासाला माणूस खुशीत असतं, पुढं पोट जड झालं की डोकं पण जड होतं. सूर्यभानचं म्हणणं कोणी विचारलं नव्हतं. काढायचा मात्र त्यानंच होता, कारण तो थोरला.

हुरड्याच्या खोपीत गोवऱ्यांची आगटी धुमसत होती. एक माणूस कणसं भाजून टोपलीत चोळत होता आणि त्याला ते नीट जमत नव्हतं. फोलं जात नव्हती, दाणे चिरडत होते. रेणुकानं थोडा वेळ बघितलं आणि मग पदर खोचून त्याच्या शेजारी उकिडवी बसली. "सर की जरा," ती म्हणाली. तिनं गरम कणीस दोन्ही तळव्यांत धरलं, चोळलं, एका फुंकरीत फोलं उडवली आणि हिरवे दाणे पहिल्यांदा सूर्यभानच्या हातावर ओतले. "घे दादा. गार झाला की गोडी जाती." त्यानं घास तोंडात टाकला. हुरडा दुधाळ होता, धुराचा वास होता त्याला, जीभ भाजत होती, आणि त्याला वाटलं, आता हा घास गिळून त्याच हातानं कागद काढायचा कसा. लहानपणी ती अशी नव्हती. पिंगळीच्या रानात रेल्वेच्या बाजूच्या बांधावर आगटी पेटायची तेव्हा चोळायला तीच बसायची, पण निम्मा हुरडा चोळता चोळता स्वतःच्या तोंडात जायचा आणि भावांच्या हातावर यायची नुसती फोलं. हरिओम रडायचा. ती तोंडातले दाणे गालात सरकवून म्हणायची, माझ्याजवळ कुठाय, बघ. अशी खादाड, लबाड पोरगी होती. आता पहिला घास भावाला, दुसरा भावजयीला, तिसरा हरिओमला, आणि स्वतः अजून एक दाणा खाल्ला नव्हता. ती अशी केव्हा झाली? त्यानं आठवून पाहिलं, पण त्याला काही सापडेना. ती बदलली तेव्हा तो तिच्या आसपास नव्हता, एवढंच खरं. राजेश्रीनं त्याला कोपरानं ढोसलं. त्यानं लसणाच्या चटणीकडं बघितलं, गुळाकडं बघितलं, शेजारच्या खाटेवर बसून फोटो काढणाऱ्या माणसांकडं बघितलं. काढतो, तो मनात म्हणाला, हा एवढा घास झाला की काढतो. तेवढ्यात भोंगा वाजला आणि रेणुका तळहात झटकत उठली. "आत्ता कुठं कणसं लागली होती भाजायला," ती म्हणाली.

ट्रॉलीत गाद्या टाकल्या होत्या आणि वर दिव्यांची माळ. रेणुका आणि राजेश्री पुढं बसल्या, दोघे भाऊ मागं. "काढला का?" हरिओमनं हळूच विचारलं. "अजून न्हाई." "दादा, तू ऑफिस कसं चालवतोस रे?" हरिओम हसला, पण त्याचं हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही; त्याला मंगळवारी पुण्यात हजर व्हायचं होतं. "तू विचार की मग," सूर्यभान म्हणाला. "मी धाकटा. मी विचारलं तर तिला वाटेल धाकटा शिरजोर झाला. तू विचारलंस तर मान राखल्यासारखं होईल." हे बरोबरच होतं. मान राखायचा म्हणून थोरल्यानं मागायचं. बापानंही असंच मागितलं होतं. ट्रॉली खड्ड्यात आदळली आणि पुढं रेणुका मोठ्यानं हसली. त्याला त्या हसण्याचा राग आला. इतकं मोकळं हसायला काय झालं हिला? माणसानं थोडा संशय धरावा, थोडं तुटक वागावं, म्हणजे समोरच्याला सोपं जातं. ही चार ठिकाणी जेवायला मिळतंय म्हणून खूश होती, आणि त्याचा जीव टांगणीला लागला होता.

चुलीच्या हॉटेलात एक बाई भाकरी थापत होती, तिच्या बोटांकडं बघताना त्याला कस्तुराबाई आत्याचा अंगठा आठवला. आठवायला नको होता तेव्हाच आठवला. तो वीस वर्षांचा होता, नुकतं मतदार यादीत नाव आलेलं, आणि बाप म्हणाला, चल परभणीला, साक्षीदार लागतो. रजिस्ट्रीच्या ऑफिसात आत्यानं उजव्या अंगठ्याचा ठसा दिला आणि त्याखाली सूर्यभाननं आयुष्यातली पहिली सरकारी सही केली, झोकदार, खाली दोन टिंबं देऊन. सहीचा त्याला अभिमान वाटला होता. मग बापानं बहिणीला एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात नेलं. आत्या पहिल्यांदाच हॉटेलात बसली होती. अंगठ्याची शाई निघत नव्हती म्हणून तिनं अंगठा वर धरून उरलेल्या बोटांनी जिलेबी खाल्ली, आणि बाप म्हणत होता, पोटभर खा कस्तुरे, लाजू नको. ती दोन बशा जिलेबी खाऊन खूश होऊन गावाला गेली. भांडण झालं नाही. कोणी कोणाला लागेल असं बोललं नाही. पण पुढच्या पंचमीला तिला आणायचा विषय निघाला तेव्हा बाप म्हणाला, बघू. दिवाळीला म्हणाला, बघू. मग ते बघूसुद्धा बंद झालं. आत्या वारली तेव्हा हे लोक पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं आणि आत्याच्या सुनेनं त्यांना चहा विचारला, पाहुण्यांना विचारतात तसा.

"खा की दादा, भाकरी वाळायली," रेणुका म्हणाली. समोर पिठलं होतं, ठेचा होता, वांग्याचं भरीत होतं, आणि त्याला भूक नव्हती. राजेश्रीनं वाट बघायचं सोडून स्वतःच रस्ता काढायला घेतला. "ताई," ती म्हणाली, "तुमच्या भावाला आता दोनच वर्षं राहिली नोकरीची. अजून स्वतःचं घर न्हाई बघा." "व्हईल की वैनी. दादाचं कुठं काय अडलंय," रेणुका म्हणाली आणि ठेच्याला बोट लावून सी सी करत पाणी प्याली. आता यापेक्षा चांगली वेळ येणार नव्हती. सूर्यभाननं डावा हात खिशात घातला. कागद अर्धा वर आला, त्याच्या कडेचा कडक स्पर्श बोटाला लागला, आणि रेणुकाची नजर तिथं गेली. "गोळ्या का?" तिनं विचारलं. "बीपीच्या? जेवायच्या आधीच्या का नंतरच्या?" राजेश्री खाली बघू लागली. हरिओमनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. "नंतरच्या," सूर्यभान म्हणाला आणि कागद पुन्हा आत गेला. "मग जेव आधी नीट. उपाशीपोटी गोळी लागती," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं, ठेच्यानं डोळ्यांत आलेलं पाणी तेवढं होतं.

तिसऱ्या हॉटेलाला प्लायवूडच्या कमानी होत्या, हिरवे पडदे होते आणि अत्तराचा इतका दाट वास होता की बगाऱ्या भाताचा वास त्यात शोधावा लागत होता. माणसं पुन्हा नव्यानं बसत होती, पुन्हा ताटं, पुन्हा पाणी, पुन्हा सुरुवात. सूर्यभानला वाटलं, हे जेवण संपणारच नाही. प्रत्येक ठिकाणी पहिला घास, आणि प्रत्येक पहिल्या घासाला तोच प्रश्न. तो हात धुवायचं निमित्त करून मोरीकडं गेला, भिंतीकडं तोंड करून कागद उलगडला आणि वाचला. मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, भावांवरील नैसर्गिक प्रेमापोटी. हे वाक्य त्यानं ऑफिस सुटल्यावर एका बोटानं टाइप केलं होतं. तिचं प्रेम, तिच्या तोंडचं, आणि मजकूर त्याचा. सगळ्या हक्कसोडीत हेच असतं, मुंजाजीच्या बहिणींच्याही होतं, आत्याच्याही असणार. आत्याला वाचता येत नव्हतं एवढंच. माझ्यावर प्रेम आहे असं मीच लिहून तिच्यासमोर धरायचं, आणि तिनं खाली सही करायची. त्यानं कागदाची घडी घातली. घडी चुकली, पुन्हा घातली. आरशात त्याला आपलं तोंड दिसलं आणि त्याला ते आवडलं नाही.

परत आला तेव्हा रेणुका दालच्यात भात कालवत होती. हरिओम मोबाइलवर बोलत बाहेर फेऱ्या मारत होता, राजेश्री मिरचीचं सालन घ्यायला गेली होती. "किती वर्षं झाली गं तू पिंगळीला येऊन?" त्यानं विचारलं. का विचारलं ते त्यालाही कळलं नाही. विचारायचं होतं दुसरंच. "बाबाच्या दहाव्याला आले होते की." "तसं न्हाई. राहायला." "राहायला," ती म्हणाली आणि घास तसाच ठेवून तिनं खरोखर हिशेब केला. "आई होती तवा." आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. पंचमी जवळ आली की आई म्हणायची, सूर्यभान, जा, पोरीला घेऊन ये, आणि तो मुराळी होऊन पाथरीला जायचा. रेणुका सकाळपासून आवरून, पिशवी दाराशी ठेवून बसलेली असायची. येताना एसटीत जागा नसायची, दोघं दांड्याला धरून उभी राहायची, आणि ती सासरच्या सगळ्या कुचाळक्या मोठ्या आवाजात सांगायची, शेजारचे लोक ऐकून हसायचे. या साऱ्याची आठवण त्याला नेहमी अशी यायची की जणू बोलवायचा तोच. आज पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं की बोलवायची आई. तो फक्त आणायचा. आई गेली, आणि आणायला जा म्हणणारं कोणी राहिलं नाही, म्हणून तो गेला नाही. पाथरी परभणीपासून दूर नव्हती. तासाभराचा रस्ता. भोंगा वाजला. रेणुकानं उरलेला भात दोन घासांत संपवला, ताटात शीत ठेवलं नाही, आणि मग उठली.

चौथं ठिकाण उघड्या गवतावर होतं. टेबलांवर मेणबत्त्या, कुल्फी, जिलेबी, खुबानीचं म्हणजे जर्दाळूचं गोड. गारठा पडला होता. बसतात न बसतात तोच हरिओम म्हणाला, "वहिनी, तिकडं कारंजं आहे, दिव्यांचं. चला बघून येऊ," आणि राजेश्री ठरवल्यासारखी उठली. ठरवलेलंच होतं. जाताना तिनं सूर्यभानकडं एकदा नीट बघितलं. त्या नजरेत एकतीस वर्षांचं भाडं होतं, घरमालकाची बोलणी होती, आणि ते काही खोटं नव्हतं. ते दोघे दिव्यांकडं चालत गेले. रेणुकानं खुबानी चमच्यानं दाबून पाहिली, एक घास खाल्ला आणि चमचा खाली ठेवला.

"काढ आता," ती म्हणाली.

"काय?"

"खिशातलं. आल्यापासून हात लावायलास. ते गेलेत आता, काढ."

त्यानं कागद काढून टेबलावर ठेवला. तिनं पिशवीतून चष्मा घेतला, मेणबत्ती जवळ ओढली आणि ओळीखाली बोट धरून पूर्ण कागद वाचला, सर्व्हे नंबर, चतुःसीमा, काही न गाळता. तो तिच्या बोटाकडं बघत राहिला. एका ठिकाणी बोट थांबलं. "प्रेमापोटी," तिनं वाचलं. "हे तू लिहिलंस?"

"तसंच लिहितात सगळ्यांच्यात."

"बरं लिहिलंस." तिनं चष्मा काढला. "माझी सून मला म्हणत होती, तुमच्या दादाचा फोन आला म्हणजे सही पाहिजे असंल. मी तिला रागावले. पण मला बी माहीत होतंच की. मला ते वावर नको, दादा. यांचं बियाण्याचं दुकान चांगलं चालतंय. वावर तुमचं हाय, मी कधी न्हाई म्हणलं न्हाई."

"मग?"

"मग सही न्हाई देत मी."

ती रागात नव्हती. रागात असती तर त्यालाही आवाज चढवता आला असता, थोरलेपणा काढता आला असता. ती खुबानीच्या वाटीची कड बोटानं पुसत होती. "बाबा गेल्यावर नाव चढायच्या आधी तू मला एक पण फोन केला न्हाईस," ती म्हणाली. "नाव चढल्यापासून चार केलेस. औंदा संक्रांतीला तिळगूळ घे म्हणलास. आन आज तर जेवायलाच बोलावलंस. मी कालपासून साडी काढून ठेवली होती. मला माहीत होतं कशाला बोलावलंय, तरी ठेवली होती. सही दिली की हे बंद व्हईल."

"असं कसं म्हणतेस, रेणू."

"खोटं असलं तर खोटं म्हण. म्हण की, सही दिली तरी मी बोलवीन. मी आत्ता करते सही. पेन तर हायच तुझ्याजवळ."

एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. जन्मभर त्यानं नकलांवर 'खरी प्रत' असा शिक्का मारून खाली सही केली होती, मूळ कागद डोळ्यांनी बघितल्याशिवाय कधी केली नव्हती, प्राचार्यांनी सांगितलं तरी केली नव्हती. कॉलेजात त्याचं एवढंच नाव होतं. त्यानं तोंड उघडलं. मनात त्यानं पुढची दिवाळी आणून पाहिली. नोंदणी झालेली, रान विकलेलं, नव्या घराला रंग लागलेला, राजेश्री नव्या ओट्यावर चकल्या पाडतेय. रेणुकाला आणू का, असं आपण विचारतोय, हे त्याला त्यात बसवायचं होतं. त्यानं खूप जोर केला. पण त्या घरात तो नुसता खुर्चीत पेपर वाचत बसलेला दिसत होता, आणि फोन टेबलावर होता, आणि मनात येत होतं, बघू. बापाचाच आवाज होता, पण तोंड याचं होतं. बहिणीवर त्याचा जीव होता, यात त्याला शंका नव्हती. पण जीव असून तो सहा वर्षं गेला नव्हता, हेही तितकंच खरं होतं. मेणबत्ती फडफडली. रेणुका वाट बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तो 'हे खोटं आहे' म्हणाला तर तिला ते हवंच आहे. ती विश्वास ठेवायला तयार बसली होती. म्हणूनच त्याला म्हणता आलं नाही.

त्यानं कागद उचलला आणि घडी घालून खिशात ठेवला. रेणुकानं मान हलवली, थोडी, दुकानात गिऱ्हाईक न घेताच परत जातं तेव्हा हलवतात तशी. "नाव राहू दे मग," ती म्हणाली. "तेवढ्यापुरती तरी आठवण निघंल माझी." आणि वाटी पुढं ओढून तिनं खुबानी संपवली.

हरिओम आणि राजेश्री परत आले. दोघांनी आधी टेबलाकडं बघितलं आणि मग त्याच्याकडं. त्यानं मान आडवी हलवली. राजेश्रीनं शाल घट्ट ओढून घेतली. हरिओम म्हणाला, "अक्का, बस ना अजून जरा," आणि त्याला नक्की काय सुधारायचं होतं ते त्यालाही समजलं नसावं. रेणुकानं पिशवी खांद्याला लावली. "फाट्यावरून सेलूची जीप भेटंल का रे या टायमाला? तिथून पाथरीची शेवटची एसटी हाय."

"मी सोडतो पाथरीला," सूर्यभान म्हणाला. त्यानं हरिओमकडं हात केला, हरिओमनं किल्ली दिली. गेटपर्यंत दोघं चालत आली. त्यानं गाडीचं पुढचं दार उघडलं. रेणुका थांबली.

"सही न्हाई दिली मी," ती म्हणाली, मघाचं त्याच्या ध्यानात राहिलं नसेल असं वाटून.

टोमणा असता तर त्यानं तो खाल्ला असता. पण तिला खरोखरच नवल वाटलं होतं. तो दार धरून उभा होता आणि ती पिशवी पोटाशी धरून, बसावं की न बसावं, ते ठरवत होती.